ऑक्टोबरवाले

जानेवारीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एखाद्या तरी शाळेच्या फाटकावर माजी विद्यार्थी मेळाव्याचा फ्लेक्स लागलेला असतो. दारव्हा असो, दिग्रस असो, वणी असो की पांढरकवडा, चित्र तेच. एके काळी एकमेकांच्या पाठीत कंपासाचं टोक खुपसणारी माणसं आता एकमेकांना हात धरून पायऱ्या चढवतात, आणि ज्या बाकावर पूर्वी तिघं दाटीवाटीनं मावत, त्यावर एकट्यानं बसतानाही श्वास आत ओढून घेतात. मग कृतज्ञतेची भाषणं सुरू होतात. ती करण्याचा मान वर्षानुवर्षं ठरावीक मंडळींकडे चालत आलेला आहे. पुण्याहून आलेला इंजिनियर, नागपूरचा हृदयरोगतज्ज्ञ, आणि दूरदेशाहून मोबाइलच्या पडद्यावर अवतरलेली, आमच्या वेळी कायम पहिली येणारी मुलगी. ‘या शाळेनं मला घडवलं’ असं म्हणताना त्यांचा गळा खरोखरीच दाटून येतो. मागच्या रांगेत बसून ऐकताना मला त्यांची माया येते आणि त्याच वेळी एक बारीक शंकाही येते. या मुलांना शाळेनं नेमकं काय घडवलं? त्यांना पोस्टाच्या ओट्यावर बसवून पुस्तकं हाती दिली असती, तरी ती पहिलीच आली असती. गुणवत्ता फलकावर त्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवण्यापलीकडे शाळेला त्यांच्यासाठी फारसे कष्ट पडलेच नाहीत. शाळेनं खरी मेहनत घेतली ती आमच्यावर. आम्ही म्हणजे मार्चमध्ये राहिलेले आणि ऑक्टोबरमध्ये निघालेले.

आजच्या मुलांना हे ऑक्टोबर प्रकरण समजावून सांगावं लागतं. १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्याआधी मॅट्रिकची पायरी अकरावीला होती. मार्चमध्ये जो अडखळला त्याच्यासाठी बोर्डानं ऑक्टोबर राखून ठेवलेला असे, आणि ज्या श्रद्धेनं आणि सातत्यानं काही जण तो महिना गाठत, ते पाहून लोकांनी त्याला ‘ऑक्टोबरची वारी’ असं नाव ठेवलं होतं. आमच्या गावात तर काही वारकरी असे होते की त्यांची पंढरी दरवर्षी एका विषयानं पुढे सरकत असे. २०१५ पासून ही फेरपरीक्षा जुलैकडे आली, म्हणजे मुलाचं वर्ष वाचलं. त्याच सुमारास गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शेराही गेला आणि त्याच्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असं छापून येऊ लागलं. निर्णय चांगलाच होता. फक्त आमच्या वेळी हा शेरा असता तर माझ्या वडिलांनी तो वाचून मला ताबडतोब डवऱ्यामागे धाडलं असतं, एवढं खरं.

माझं गणित राहिलं ते १९८० साली. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटाशी उघडतात, त्यामुळे निकालाच्या दिवशी शाळेत मुलांपेक्षा चिमण्याच जास्त होत्या. गुणपत्रिका हातात पडली आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली, जणू नीट वाचली तर आकडे ओशाळून वर सरकतील. घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचलेली होती. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. “काऊन रे बापा, गणित गेलं म्हणे तुहं?” त्यांच्या स्वरात इतकी कणव होती की गणित नावाचं कुणी जवळचं माणूस आमच्या घरून कायमचं गेलं असावं असं वाटावं. दोन दिवस लोक तसेच येत राहिले. चहा घेत, थोडा वेळ गप्प बसत, ‘चालाचंच’ म्हणत आणि उठून जात.

वडील काही बोलले नाहीत. त्या वर्षी मृगाचा पाऊस आल्यासारखा करून निघून गेला होता. त्याच्या भरवशावर लावलेली सरकी काळ्या मातीत तशीच सुकून गेली होती आणि ते रोज धुऱ्यावर उभं राहून आभाळाकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना, माझ्याकडे न पाहता, ते आईला म्हणाले, “पयल्या पान्यानं धोका देल्ला. दुबार करा लागन.” ते शेताबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. पण वऱ्हाडातल्या कास्तकाराला दुबार पेरणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी, पुन्हा तेच तास. ती करणाऱ्याला गावात कुणी नापास म्हणत नाही. त्याला फक्त विचारतात, बियाणं आहे का घरी, की देऊ?

माझ्या बाबतीत हे विचारायला गणिताचे सर आले. अंगानं किडकिडीत आणि आवाजानं दणदणीत. वर्गात ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पडले की चपलेसोबत ती भाषाही उतरवून ठेवत. ओट्यावर टेकून त्यांनी पाणी मागितलं, आणि मग मी जवळजवळ दाराआड असताना त्यांनी एक वेगळाच विषय काढला. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, त्याला ते सायकलनं गेले होते. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. सर सांगत होते, “ज्या माणसाचं गीतरामायण सारा महाराष्ट्र रेडिओपुढे हात जोडून आयकत होता ना, त्याचं मॅट्रिक काऊन राह्यलं ठाऊक आहे का? गणितानं.” मी दाराआडून थोडा पुढे आलो. छातीत काहीतरी हललं. सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, “कविता येते का तुले?”

“नाही सर.”

“मंग गणितच कर. सोमवारपासून वर्गात येऊन बस. हजेरीत नाव नसन तुहं, पन बाकावर जागा आहे.”

नापास माणसाचं जगात कुठेच नाव नसतं, हे मला त्या पावसाळ्यात कळलं. जुन्या वर्गाच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे रेघ ओढलेली, नव्या वर्गाच्या हजेरीपटात मी नाही, कॉलेजात मी नाही, शेतातही धड नाही. असा माणूस शाळेच्या दारात उभा राहिला तर त्याला आत घेण्याची कायद्यानं कुणावर सक्ती नव्हती. तरी घेतलं. मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण शेवटच्या बाकांवर बसू लागलो. पुढच्या बाकांवर नवी दहावी, त्यात माझी चुलत बहीण, जी घरी जाऊन माझ्या हालचालींचा रोजचा वृत्तान्त देत असे. हजेरी सुरू झाली की आम्ही मागच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा पाहायचो. ‘हजर सर’ची रांग संपत आली की सर क्षणभर थांबत, चष्म्यावरून मागच्या बाकांकडे पाहत आणि काही न लिहिता मान हलवत. त्या मान हलवण्यात आमची हजेरी लागे. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारताना आमच्या खिडकीपाशी येताच त्यांना नेमकं समोरच्या कडुनिंबाकडे काहीतरी दिसत असे. आमच्या मुक्कामाची सबंध मुदत त्यांनी त्या कडुनिंबाचं इतक्या बारकाईनं निरीक्षण केलं की त्यांना वनस्पतिशास्त्रात पदवी मिळायला हरकत नव्हती. शिपाई काका मात्र उघडपणे आमच्या बाजूचे होते. तास संपल्याची घंटा ते आमच्यासाठी जरा उशिरानं देतात, असा आमचा समज होता. तसा तो खोटा असेल, पण तो मनातून काढायला मी अजून तयार नाही.

दुसऱ्यांदा तोच धडा ऐकण्यात एक न सांगितलं जाणारं सुख आहे. पहिल्या खेपेला बीजगणित आमच्या अंगावरून मालगाडीसारखं धडधडत गेलं होतं. डबे मोजण्यातच सगळा वेळ संपला. आता ‘क्ष’ कुठून आला आणि तो समान चिन्हाची वेस ओलांडताना आपलं चिन्ह का बदलतो, हे पाहायला सवड होती. सर नव्या मुलांसाठी एकदा शिकवत आणि मग, त्यांची उदाहरणं सुटेपर्यंतच्या वेळात, मागे येऊन आमच्या बाकावर टेकत आणि तेच दुसऱ्या वाटेनं सांगत. पहिली वाट जिथं चुकली तिथून परत सुरुवात करायची नाही, असा त्यांचा नेम. “त्या वाटीनं गेला होता ना एकदा? काय सापडलं? मंग आता नाल्यानं चाल.” बाहेर पाऊस पडत असे. शाळेचं कौल एका ठिकाणी फुटलेलं होतं आणि पाणी टपकायची जागा ठरलेली असल्यानं तिथं एक डबा ठेवलेला असे. सर प्रमेय सिद्ध करत आणि डबा त्याला ठेका धरी. अजूनही पायथागोरस म्हटलं की मला प्राचीन ग्रीस आठवत नाही, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात पडणारं श्रावणाचं पाणी ऐकू येतं.

त्याच पावसाळ्यात मी आपला मुलूखही पाहिला. मार्चमध्ये निघालेली मुलं कधीच अमरावती-नागपूरच्या वसतिगृहांत गेली होती. मला शाळा सुटल्यावर दुसरीकडे जायला जागाच नव्हती, म्हणून मी शेतात जात होतो. दुबार पेरलेलं उगवून आलं होतं. निंदण चालू असताना बायका गाणी म्हणत आणि मी दिसताच गाण्यात माझ्या गणिताची भर घालत. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणणाऱ्या एका बेरकी म्हाताऱ्यानंही त्या वर्षी मला सोडलं नाही. सगळा गाव हसला. मीही हसलो. माझ्या फजितीवर मला पहिल्यांदा हसू आलं ते तिथं, आणि ते कुठल्या तासाला शिकवलं गेलं असतं असं मला वाटत नाही.

परीक्षेचं केंद्र यवतमाळला होतं. एसटीनं तासा-दीड तासात जाता आलं असतं, पण शकुंतलेचं तिकीट स्वस्त, म्हणून आम्ही ऑक्टोबरवाले दारव्हा-मोतीबाग स्टेशनवर जमलो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी, वऱ्हाडातला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांसाठी वाहायला किलिक निक्सन कंपनीच्या काळात टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९२३ पासून इथं धावू लागलं, ते थेट १९९४ च्या एप्रिलपर्यंत. धावू लागलं हा आपला म्हणण्याचा प्रकार. शेतातून कुणी हात केला की गाडी थांबते अशी तिची ख्याती होती, आणि फाटक आलं की गाडीवरचाच माणूस उतरून ते बंद करी, गाडी पुढे गेली की उघडी आणि पुन्हा चढून बसे. पेपर सकाळचा, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघालो. डब्यात जिकडे पाहावं तिकडे पोट्टे, आणि प्रत्येकाच्या हातात तीच ती ‘अपेक्षित प्रश्नसंच’ नावाची पुस्तिका. एकमेकांना कुणी गाव विचारत नव्हतं. विचारत होते, “तुहं काय राह्यलं?” इंग्रजीवाले एका बाजूला, गणितवाले एका बाजूला, आणि दोन्ही राहिलेले दारात उभे राहून वारा खात होते. इतकी निवांत, इतकी बिनस्पर्धेची परीक्षार्थी मंडळी मी पुन्हा पाहिली नाही. कुणी कुणाच्या पुढे जायचंच नव्हतं. गाडीही त्याच मताची होती.

मी निघालो. किती गुणांनी, ते सांगण्यासारखं नाही, आणि सरांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त हजेरीपट उघडावा तशी हवेत बोटं फिरवली आणि माझ्या नसलेल्या नावावर टिचकी मारली.

अलीकडे नापास होण्याला बरे दिवस आले आहेत, हे मला दिसतं. सुरेश भट बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा राहिले आणि १९५५ ला निघाले, हे अमरावतीकडचे लोक अभिमानानं सांगतात. नागराज मंजुळे दहावीत नापास झाले होते हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. बारावीत राहिलेल्या मनोजकुमार शर्मांवर, जे पुढे आपल्याच महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी झाले, २०२३ मध्ये आख्खा हिंदी सिनेमा निघाला आणि तो पाहताना थेटरात पासवालेही रडले. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण मेळाव्यात कुणी या गोष्टी सांगू लागलं की मी जरा अस्वस्थ होतो. नापास व्हायला हरकत नाही, मात्र पुढे गीतरामायण लिहायची तयारी हवी, असा काहीसा त्यांचा सूर लागतो. आमच्या त्या डब्यातल्या मुलांनी असं काहीच केलं नाही. एकाचं सायकलचं दुकान आहे. एक सोयाबीन पेरतो. दारात वारा खाणाऱ्यांपैकी एक पुढे काळी-पिवळी चालवू लागला आणि आता त्याचा मुलगा चालवतो. त्यांच्या अपयशाच्या पायरीला वर जिना नव्हता. ते तिथंच पायरीवर बसले, चार माणसांना बसायला जागा करून दिली, आणि बरे जगले. त्यांना स्टेजवर कुणी बोलवत नाही.

मला मात्र एकदा नियतीनं मोठीच खुर्ची दिली. १९७२ साली राज्यानं कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली होती. मुख्यमंत्री तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलो आणि पणन महासंघाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून लागलो. म्हणजे गणितात नापास झालेला मुलगा दुसऱ्याचा कापूस पास-नापास करू लागला. केंद्रापुढे बंड्यांची रांग लागे, रात्री बैलं बंडीखालीच बसत, माणसं कापसावरच झोपत. सकाळी मी मूठभर कापूस काढून बोटांनी धागा ओढून पाही, ओलावा पाही, काडीकचरा आणि कवडी पाही. त्या वेळी समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर ज्या रीतीनं खिळलेले असत, ते मला चांगलंच ओळखीचं होतं. नियम नियमाच्या जागी होते, ओला कापूस मला घेता येत नव्हता. पण ‘नाही चालत’ एवढंच म्हणून पुढच्या बंडीकडे वळणं मला कधी जमलं नाही. बंडीवर चढून मी सांगत असे, वरचा थर बाजूला करा, ताडपत्रीवर पसरा, सोमवारी परत दाखवा, मी आहे. रांगेतले इतर लोक कुरकुरत. साहेब लोक म्हणत, ग्रेडर फार बोलतो. खरं होतं ते. ग्रेडरला शिकवणारे फार बोलणारे होते.

आणि हा जिल्हा असा आहे की इथं एका हंगामाच्या नापिकीची किंमत फार मोठी पडते. ती सगळ्या देशाला ठाऊक झाली आहे, मी पुन्हा सांगत नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला पुन्हा साहित्य संमेलन भरलं, ९२ वं. नयनतारा सहगलांना उद्घाटनाचं आमंत्रण गेलं, मग ते परत घेतलं गेलं, लेखकांनी येणं नाकारलं, आणि संमेलन भर मांडवात पहिल्या पेपरला नापास झालं. मग उद्घाटन झालं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हातून. शेतकरी नवरा आत्महत्या करून गेल्यावर मागे उरलेला संसार एकटीनं ओढणारी बाई. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. झाला प्रकार लाजिरवाणाच होता आणि तो तसाच नोंदला जावा. पण आमच्या जिल्ह्यानं तेही ऑक्टोबरमध्ये काढून दाखवलं, असं मला मागच्या रांगेत बसल्या बसल्या वाटून गेलं.

सर आता नाहीत. त्यांच्या नावाचा फलक शाळेत नाही, आणि असता तर त्यांनी त्यावर चुकीच्या कोनात मारलेला खिळा आधी दाखवला असता. शकुंतलाही बंद आहे. तिचे रूळ रुंद होणार असं आम्ही इतकी वर्षं ऐकतो आहोत की तीही बहुधा कुठल्या तरी ऑक्टोबरची वाट पाहत असावी. नियमही बदलले. २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. मूल राहिलं तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात. दहावीवाल्यांना निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामध्ये जेमतेम महिना-दोन महिने मिळतात, आणि नेमकी त्याच दिवसांत विदर्भातली शाळा उन्हापायी कुलूपबंद असते. म्हणून एक विनंती आहे. यंदा निकाल लागला की आपापल्या गावच्या मुख्याध्यापकांना गाठा आणि राहिलेली पोरं सध्या कुठं बसतात एवढं विचारा. जागा नसेल तर एखादी खोली उघडून घ्या. शिकवायला मोकळे असाल तर नाव देऊन या. माझं मी दिलेलं आहे, विषय गणित.